वाचकांचे प्रश्न : माळव्याची कड आणि नर्मदेची दरी

गेल्या अंकात पावसाळी सहलींविषयी दोन पाने होती. त्यावर येणारी पत्रे भुट्ट्याच्या किसाविषयी आणि गर्दीविषयी असतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रांत दगड, माती, दऱ्या आणि नद्या यांच्याविषयी विचारणा आली. त्यांपैकी आठ पत्रे येथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि काही थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. श्रावणात नातवाला घेऊन पाताळपाणीला गेलो होतो. महूपर्यंत सगळी सपाट शेते आणि मग एकाएकी पायाखाली एवढी खोल दरी. “आजोबा, हा खड्डा कोणी खणला?” असे त्याने विचारले. मी म्हटले, नदीने. त्यावर तो म्हणाला, “एवढीशी नदी?” त्याचे समाधान कसे करावे? आणि हा धबधबा पहिल्यापासून तिथेच आहे का?

उत्तर : नातवाची शंका अगदी रास्त आहे. उन्हाळ्यात चोरल नदी पाहिली तर तिने ही दरी खणली यावर मोठ्या माणसाचाही विश्वास बसू नये. नदीला दोन गोष्टी आयत्या मिळाल्या, एक उतार आणि दुसरा वेळ. आणि त्यांतला उतार तिचा स्वतःचा नाही.

सुरुवात सपाटीपासून करू, कारण माझ्या मते खरे नवल दरीचे नसून महूपर्यंतच्या सपाटीचे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वर आला. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात असतो तसा धुराचा शंकू येथे डोळ्यांसमोर आणू नये. हा लाव्हा पातळ होता. उतू गेलेल्या दुधासारखा तो भेगांच्या काठांवरून वाहत गेला आणि आधीचे खोलगट भाग बुजवीत दूरवर पसरला. एक थर निवल्यावर काही काळाने त्यावर दुसरा आला, मग तिसरा. महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते, आपल्याकडे ती काहीशे मीटर आहे, आणि इतकी झीज झाल्यावरही आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या दगडाखाली, म्हणजे बेसॉल्टखाली आहे. त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि सह्याद्रीचे किंवा आपल्या घाटांचे उतार दुरून पाहिले की ते नाव का पडले हे सांगावे लागत नाही.

म्हणजे माळवा सपाट आहे तो लाव्हा सपाट पसरला म्हणून. आता या सपाटीला दक्षिणेकडे एक कड आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर साधारण दीडशे मीटरवर. हा चारशे मीटरांचा फरक रस्त्याने जाताना सारखा वाटून येत नाही, त्यातला मोठा भाग घाटाच्या थोड्याशा अंतरातच उतरावा लागतो. अहिल्याबाईंच्या काळच्या जाम दरवाजातून खाली निमाडाकडे, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याकडे, ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. नर्मदा इतकी खाली का वाहते, याचे कारण पृथ्वीच्या पोटात आहे. विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये भूकवचात फार प्राचीन भंगरेषांचा पट्टा आहे. त्या रेषांवर जमिनीचे तुकडे वरखाली सरकले आणि मधला भाग खोल राहिला. भूगोलात याला खचदरी म्हणतात. इतर बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असताना नर्मदा पश्चिमेकडे जाते, तीही या आयत्या मिळालेल्या वाटेनेच.

उतार असा तयार झाल्यावर पाण्याचे काम सुरू होते. पठारावरून उत्तरेकडे जाणाऱ्या नदीला शेकडो किलोमीटर हळूहळू उतरायचे असते, म्हणून ती संथ असते. दक्षिणेकडे जाणारा ओढा तोकडा असतो, पण तेवढ्या अंतरातच त्याला सगळी उंची उतरून जायची असते, त्यामुळे त्याच्या पाण्यात दगड फोडण्याचे बळ असते. शिवाय दगडही सगळा सारखा कठीण नाही. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे जाळीदार असतो, आणि दोन थरांच्या मधे पुष्कळदा तांबड्या भाजलेल्या मातीचा पट्टा असतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत हा विटकरी पट्टा सहज दिसतो. धबधब्याचे पाणी खाली आपटून आणि उसळून आधी हे मऊ थर कोरते, वरचा कठीण थर पुढे छज्ज्यासारखा लोंबत राहतो, आणि एक दिवस आपल्याच भाराने तुटून पडतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. अमेरिकेतला नायगारा याच रीतीने सुमारे १२,००० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे सरकला आहे.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, धबधबा पहिल्यापासून तिथे नव्हता. त्याच्या पुढे जी अरुंद दरी कालाकुंडच्या बाजूला जाते, ती दरी म्हणजे धबधब्याने मागे हटताना सोडलेली वाट आहे. आपला बेसॉल्ट चिवट असल्यामुळे नातवाच्या आयुष्यात हे सरकणे नजरेत भरणार नाही, एखादी मोठी शिळा सुटली तर गोष्ट वेगळी.

“एवढीशी नदी” याचेही उत्तर द्यायला हवे. नद्यांचे खनन वर्षभर सारखे चालत नाही. आठ महिने नदी जवळजवळ रिकामी बसते आणि जुलै-ऑगस्टमधल्या मोजक्या पुरांत वर्षाचे काम उरकते. त्या वेळी पाण्याबरोबर वाहणारे धोंडे हीच तिची छिन्नी आणि हातोडी असते. काठावर ऊन असताना वरच्या भागातल्या पावसाचा लोंढा अचानक येतो तो याच पुरांचा, म्हणून पुढच्या वेळी मुलाला प्रवाहाच्या मधल्या खडकावर उतरू देऊ नये.

येथेच एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. राजवाड्याच्या छपरावर पडलेला पाऊस खान नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना आणि गंगा असा बंगालच्या उपसागराला जातो. पाताळपाणीवर पडलेला पाऊस नर्मदेतून भडोचपाशी खंभातच्या आखाताला मिळतो. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटरांचे. चंबळ जिथे उगम पावते तो जानापाव डोंगर सुमारे ८५० मीटर उंच असून त्यातून साडेसात नद्या निघतात असे लोक म्हणतात. साडेसात कशा हे मला कोणी समजावून दिलेले नाही, पण त्यावरचे काही पाणी उत्तरेला आणि काही दक्षिणेला जाते एवढे मात्र खरे. दक्षिणेकडचे ओढे जोरकस असल्यामुळे ते उगमाकडून मागे मागे खणत येतात आणि फार दीर्घ काळाने उत्तरेकडच्या नदीचे पाणी आपल्याकडे वळवू शकतात. याला नदीअपहरण म्हणतात. आपण इंदूरकरांनी मात्र १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवले, ते प्यायलो, वापरले आणि खान नदीत सोडून गंगेकडे रवाना केले. हे अपहरणच झाले, फक्त उलट्या दिशेचे.

प्रश्न : मी देवासला अकरावीत आहे. परीक्षेत ‘विदारण’ आणि ‘झीज’ यांत फरक लिहा असे विचारतात, पण दोन्हींत दगडच फुटतो ना? दुसरे असे की, आमच्या जिल्ह्यातल्या कावडिया पहाडावर षटकोनी दगडी खांबांच्या राशी आहेत. ते भीमाने आणून रचले असे गावकरी सांगतात. ते माणसाने घडवलेले असू शकतात का?

उत्तर : विदारणात दगड जागच्या जागी कमजोर होतो, झिजेत त्याचा भुगा पाणी, वारा किंवा बर्फ उचलून नेते. इतके लिहिले तरी गुण मिळतील, पण एकदा गावाजवळच्या एखाद्या दगडाच्या खाणीत जाऊन पाहावे. तेथे कापलेल्या भिंतीत गोल गोल धोंडे दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कुजलेली, पिवळट सालपटे असतात. बेसॉल्टला आडव्याउभ्या चिरा असतात, त्यांतून पाणी शिरते, कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी हल्ला करते म्हणून कोपरे आधी झडतात आणि चौकोनी ठोकळ्याचा आत गोटा उरतो. ती सालपटे हाताने सोलता येतात, म्हणजे विदारण पूर्ण झाले आहे. पण ती अजून तेथेच आहेत, म्हणजे झीज झालेली नाही. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो पुष्कळदा हाच अर्धवट कुजलेला दगड असतो.

खांबांचे म्हणाल तर ते निसर्गाचेच आहेत. लाव्ह्याचा जाड थर सावकाश आणि सगळीकडे सारखा निवू लागला की तो आकसतो, आणि आकसताना त्याला तडे जातात. तळ्यातला चिखल वाळल्यावर पडणाऱ्या भेगा आठवाव्यात. चारी बाजूंनी ताण सारखा असेल तर कमीत कमी भेगांत तो मोकळा होण्याची सोय साधारणपणे सहा बाजूंच्या आकृतीत होते, आणि निवण्याची क्रिया पृष्ठभागापासून आत सरकत जाते तशी भेगही आत उतरत जाऊन खांब तयार होतो. नीट मोजले तर काही खांब पाच बाजूंचे आणि काही सात बाजूंचेही सापडतील. कारागिराने घडवले असते तर अशी चूक त्याने केली नसती. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे सेंट मेरी बेट ही याच जातीची ठिकाणे आहेत. कावडियाच्या खांबावर दगड आपटला की धातूसारखा नाद येतो, तो त्या बेसॉल्टच्या घट्टपणामुळे.

प्रश्न : तिलक नगरात आमचे बैठे घर आहे. दर एप्रिल-मेमध्ये भिंतींना तिरप्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या थोड्या मिटतात. ज्यांनी घर बांधले ते म्हणतात, “ताई, हे भूकंपाचे हलके धक्के आहेत, त्याला आम्ही काय करणार?” हे खरे मानावे का?

उत्तर : मानू नये. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारा आणि पावसात माघार घेणारा भूकंप नसतो. हे काम तुमच्या घराखालच्या काळ्या मातीचे आहे.

बेसॉल्ट कुजून जी काळी माती होते तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, एकावर एक पातळ पापुद्र्यांची असते आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो त्या याच. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की खालची माती फुगून वर ढकलली जाते, आणि अशा रीतीने ही जमीन काही अंशी स्वतःलाच नांगरत राहते. “मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर” ही म्हण ज्या मातीच्या जिवावर झाली, तीच माती घराच्या पायाला मात्र वैरी आहे, कारण घराच्या मधल्या भागाखाली ओल टिकते आणि कडांची माती आधी वाळते. कड बसते, मध्य बसत नाही, आणि भिंत तिरपी फाटते.

जुने गवंडी काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत पाया नेत असत. मातीचा थर फार जाड असेल तर खाली कंदासारखा फुगवटा असलेले खांब जमिनीत ओततात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रुळवली. तुमचे घर बांधून झाले आहे, तेव्हा हाती एवढेच उरते की ओल सारखी ठेवावी: घराभोवती निदान चार फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करून घ्यावी, गळके नळ आणि गटार दुरुस्त करावे, आणि भिंतीला लागून असलेले मोठे झाड असेल तर ते उन्हाळ्यात किती पाणी शोषते याचा विचार करावा. भेगा बुजवायच्या असतील तर वरचे उपाय झाल्यावर बुजवाव्यात, नाहीतर रंगाचा खर्च दरवर्षीचा ठरलेला आहे. पाया किती खोल नेला होता हा प्रश्न बांधणाऱ्यांना लेखी विचारायला हरकत नाही.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतून लिहितो. आमच्या एका बाजूला किल्ल्याचा डोंगर हजारो वर्षे ताठ उभा आहे आणि तासाभराच्या अंतरावर मुरैन्याकडे चंबळचे बीहड (घळींनी फाटलेली जमीन) दरवर्षी शेते गिळत आहेत. एकाच हवेत, एकाच पावसात हा फरक कसा?

उत्तर : हवा आणि पाऊस एकच आहेत, पण ते ज्यावर पडतात ते पदार्थ वेगळे आहेत. पत्रातल्या “हजारो वर्षे” या शब्दांऐवजी येथे फार मोठी संख्या लिहावी लागेल. किल्ल्याच्या माथ्याचा वालुकाश्म विंध्य समूहाचा असून तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी उथळ पाण्याखाली साचलेल्या वाळूपासून झाला आहे. अशा वालुकाश्माच्या फरश्यांवर कधीकधी लाटांच्या बारीक वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या सापडतात. जुन्या वाड्याच्या अंगणातही शोधून पाहाव्यात. वाळूचे कण सिलिकेने एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे पाणी या दगडाचे फारसे वाकडे करू शकत नाही. त्याच्या खालचे थर त्या मानाने मऊ आहेत. ते हळूहळू झिजतात, वरच्या थराचा आधार जातो आणि तो सरळ फाकीने तुटतो, म्हणून माथा सपाट आणि कडे उभे राहतात. तटबंदीचे अर्धे काम निसर्गाने आधीच करून ठेवले होते. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळी त्याच कड्यांत कोरलेल्या जैन मूर्ती आजही ओळखू येतात, यावरून दगडाची जात कळते.

बीहडाची जमीन म्हणजे दगड नव्हे. नद्यांनीच आणून टाकलेला तो गाळ आहे, जाड, पण सैल. चंबळ आजूबाजूच्या मैदानापेक्षा पुष्कळ खालून वाहते, म्हणून मैदानावरच्या पावसाला नदीपर्यंत पोचताना मोठी उडी घ्यावी लागते. पहिल्या पावसात बांधाच्या तोंडाशी बोटभर नाळी पडते, काही वर्षांत ती माणूस उतरेल एवढी घळ होते, आणि घळीचे तोंड गावाकडे सरकू लागते. या मातीत क्षार असतील तर ती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. पाणी भेगेतून आत शिरून जमिनीखालीच बोगदा कोरते आणि वरचे छत एके दिवशी कोसळते. शेतकरी म्हणतो, रात्रीत शेत गेले, ते अतिशयोक्तीने म्हणत नाही.

बुलडोझरने बीहड सपाट करण्याची हौस अधूनमधून येते. त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मोकळी केलेली माती आधीपेक्षा लवकर वाहते, आणि वरून येणारे पाणी अडवले नसेल तर चार पावसाळ्यांत घळ आपली जुनी जागा शोधून काढते. १९८० च्या दशकात विमानातून विलायती बाभळीचे बी टाकले होते. झाड रुजले, माती काही प्रमाणात धरली गेली, पण गवत आणि देशी झाडे मागे हटली. बांध, गवत आणि घळीच्या माथ्याशी पाणी वळवणे हे कंटाळवाणे उपायच टिकतात.

जाता जाता सांगतो, तुमच्या चंबळेत इंदूर-उज्जैनची मातीही आली असती. पण १९६० साली गांधीसागर धरण पूर्ण झाल्यापासून आमचा बहुतेक गाळ वरच्या वर अडतो.

प्रश्न : धारला माहेर आहे. लहानपणी बाघ लेणी पाहायला गेलो असता वाटेत दगडात शिंपले दिसले होते. समुद्र इथून इतका दूर! आणि त्या भागात डायनोसोरची अंडी देव म्हणून पुजली जात होती, हे खरे का?

उत्तर : दोन्ही खरे. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोलगट पट्ट्यातून पूर्वेकडे बाघच्याही आत शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडकात शिंपले, समुद्री साळू आणि शार्क माशाचे दात सापडतात. पुढे समुद्र हटला, तेथे नद्या आणि उथळ तळी झाली, आणि त्यांच्या काठच्या ओल्या मातीत लांब मानेच्या शाकाहारी डायनोसोरांनी अंडी घातली. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बातमी आली की धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेताच्या रक्षणासाठी ‘काकर भैरव’ म्हणून पुजले जाणारे गोल दगड म्हणजे हीच अश्मीभूत अंडी होत. यात गावकऱ्यांना हसण्यासारखे काही नाही; हा दगड इतरांसारखा नाही हे त्यांनी ओळखले होते. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या स्लीमनला जबलपूरला १८२८ साली डायनोसोरची हाडे सापडली, तेव्हा ती कोणाची हे त्यालाही कळण्याचा मार्ग नव्हता, कारण ‘डायनोसोर’ हा शब्दच तेव्हा नव्हता.

या सगळ्यावर नंतर लाव्हा पसरला आणि सगळे झाकले गेले. मग दिसते कसे? नर्मदेला मिळणाऱ्या नद्यांनी वरचे झाकण कापून काढले म्हणून. पाताळपाणीला जी झीज दरी करते, ती बाघला जुने पान उघडते.

लेण्यांविषयी एक वाक्य जोडतो. अजिंठा कठीण बेसॉल्टमध्ये आहे आणि बाघ मऊ, पाणी झिरपणाऱ्या वालुकाश्मात. त्यामुळे बाघचे खांब ढासळले, चित्रे ओलीने गेली, आणि उरलेली १९८२ पासून सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली.

प्रश्न : रामबागेतून. आमच्या देवघरात सासूबाईंनी नर्मदेहून आणलेला बाण (शिवलिंग म्हणून पुजायचा गोटा) आहे. इतका गुळगुळीत आणि अंड्यासारखा आकार नदी कसा देते?

उत्तर : रेतीच्या साहाय्याने. पुरात दगड तळाशी घरंगळतात, एकमेकांवर आपटून त्यांचे कोपरे आधी जातात, मग रेती त्यांना घासते. एखादा दगड खडकातल्या खोलगट जागी अडकला तर भोवऱ्यात गरगरत राहतो आणि स्वतः गोल होता होता खडकातही रांजणासारखा खळगा पाडतो. असे रांजणखळगे कुकडी नदीवर निघोजला प्रसिद्ध आहेत, आणि महेश्वरला सहस्रधारेच्या खडकांतही पाणी कमी असताना लहान-मोठे खळगे पाहता येतील. बाणाचा दगड बहुधा गारगोटीच्या जातीचा, काचेपेक्षाही कठीण असतो, म्हणून तो झिजूनही फुटत नाही आणि त्याला झिलई चढते. देवास जिल्ह्यातले धावडी कुंड यासाठी नावाजलेले होते. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. बाजारात मिळणारे हल्लीचे पुष्कळ बाण यंत्रावर घडवलेले असतात. सासूबाईंचा जपून ठेवावा.

प्रश्न : २६ जानेवारी २००१ ला सकाळी इंदूरलाही जमीन हलल्याचे आठवते. भूकंपाने खरोखर डोंगर तयार होतात, की ते फक्त घरे पाडतात? (जुना इंदूर)

उत्तर : एका भूकंपाने डोंगर होत नाही, पण जमिनीची उंची मात्र बदलू शकते. कच्छमध्येच १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या सपाट भूमीवर ऐंशीहून अधिक किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा उंचवटा काही क्षणांत वर आला आणि सिंधूच्या एका जुन्या फाट्याची वाट अडली. माणसाने बांधलेला बंधारा तिथे आधी होता, म्हणून लोकांनी या नव्याला ‘अल्ला बंद’ म्हटले, ईश्वराने घातलेला बांध. असे धक्के लाखो वर्षे एकाच भंगरेषेवर बसत राहिले तर डोंगर होतो. नर्मदेचा पट्टाही पूर्ण शांत नाही. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ क्षमतेचा भूकंप झाला तो त्याच पट्ट्यात. इंदूरच्या घरांना भूकंपाच्या नियमांनुसार सळई घालणे शहाणपणाचे आहे, पण तिलक नगरातल्या भेगांचे खापर त्यावर फोडू नये.

प्रश्न : उज्जैनहून. अगस्ती ऋषींसमोर विंध्य वाकला आणि ते परत येईपर्यंत वाकलेलाच राहिला, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्राप्रमाणे विंध्य पूर्वी हिमालयाएवढा उंच होता का?

उत्तर : नाही. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीत जमिनीला वळ्या पडून उभा राहिला आणि भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटरांनी अजून त्याला रेटतो आहे. आपल्या बाजूचा विंध्य त्या अर्थाने पर्वतच नव्हे. ती पठाराची झिजलेली कड आहे. गंमत अशी की ‘विंध्य’ नावाचा जो वालुकाश्म ग्वाल्हेरला आहे, तो इंदूरजवळच्या विंध्याचलात वर दिसत नाही, येथे सगळा लाव्ह्याचा दगड आहे.

तरी कथा रचणाऱ्याने डोंगर पाहिलेला असावा. उज्जैनहून दक्षिणेला निघालेला माणूस इंदूर, महू करीत चालत राहतो आणि आपण विंध्य चढतो आहोत हे त्याला कळतही नाही, इतका तो त्या बाजूने नमलेला आहे. अगस्ती त्याच बाजूने गेले. निमाडात उतरून त्यांनी मागे वळून पाहिले असते, तर तो त्यांना पुरता उभा दिसला असता.